वाचकांचे प्रश्न : रात्री उभी, सकाळी बसलेली

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच जातीच्या गाड्यांविषयी आहेत. एके काळी ज्या रस्त्याने गेल्या की माणसे मान वळवून पाहत, त्या आलिशान फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या, आज जुन्या गाड्यांच्या बाजारात एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीला मिळतात, आणि हौशी माणूस मोहात पडतो. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत तिच्याबरोबर उतरत नाही, हे त्याला पहिल्या बिलाच्या वेळी कळते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लांबली आहेत, कारण त्याच दोन तक्रारींपायी लोकांचे सर्वांत जास्त पैसे विनाकारण खर्च होताना मी पाहतो.

प्रश्न : माझ्याकडे २००९ सालची लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आहे. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी चारही बाजूंनी खाली बसलेली असते. सुरू केल्यावर घरघर होऊन ती हळूहळू वर यायची. गेल्या आठवड्यात मात्र ‘सस्पेन्शन फॉल्ट’ असा इशारा आला आणि गाडी वर आलीच नाही. कॉम्प्रेसर गेला असून नवा टाकावा लागेल, असे गॅरेजमध्ये सांगितले. एवढा खर्च करण्यापूर्वी आपले मत हवे होते. — एक वाचक, पुणे

उत्तर : कॉम्प्रेसर गेला असेलही, पण तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. सोसायटीची वरची टाकी गळत असेल आणि पंप रात्रंदिवस चालत असेल, तर पंप जळणारच; नवा आणून बसवला तर काही महिन्यांनी तोही जळेल. आपल्या गाडीत स्प्रिंगांच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या आहेत, त्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर डाव्या बाजूला चासिसच्या बाहेरच्या अंगाला एका प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला आहे आणि ती हवा साठवण्यासाठी वेगळी टाकी आहे. पुढच्या चाकांसाठी एक, मागच्या चाकांसाठी एक आणि टाकीसाठी एक असे तीन व्हॉल्व्ह ब्लॉक ही हवा वाटून देतात. यांतल्या कोणत्याही सांध्यातून हवा झिरपू लागली की तिची भरपाई कॉम्प्रेसरला करावी लागते, आणि मूळचा कॉम्प्रेसर इतका वेळ चालण्यासाठी बनवलेलाच नाही.

गाडी चारही बाजूंनी सारखी बसते, याचा अर्थ चारही पिशव्या गळतात असा लावू नका. इंजिन बंद असतानाही या गाडीचा सस्पेन्शनचा कॉम्प्युटर मधूनमधून जागा होऊन चारही कोपऱ्यांची उंची तपासतो. एखादा कोपरा खाली गेलेला आढळला, तर कॉम्प्रेसर चालवता येत नसल्यामुळे तो उरलेल्या तीन कोपऱ्यांतली हवा सोडून गाडी समतल करतो. म्हणजे गळते एकच चाक आणि सकाळी बसलेली दिसते अख्खी गाडी. खरा दोषी कोपरा शोधायचा असेल, तर गाडी सपाट जागी उभी करून सस्पेन्शनच्या कॉम्प्युटरचा फ्यूज रात्रीपुरता काढून ठेवा. तो कोणता, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. झोपण्यापूर्वी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा उतरला असेल तिथे गळती आहे. पुढची दोन्ही चाके बरोबरीने उतरली असतील, तर पिशव्यांच्या आधी पुढच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे संशयाने पाहा.

यानंतर भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून त्या कोपऱ्यावर फवारावे. पिशवीच्या घड्या, तिच्या डोक्यावरचा पाइपाचा सांधा आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवरची जोडणी या तीन ठिकाणी दोन-तीन मिनिटे टक लावून पाहावे लागते, कारण बारीक गळतीचा फेस साबणाच्या फुग्यासारखा फुगत नाही, दुधावरच्या सायीसारखा हळूहळू जमतो. पुष्कळदा दोष केवळ पाइपाच्या टोकात निघतो. दबलेले टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापून पाइप नव्या जोडणीत पुन्हा बसवला की काम होते. मात्र सांधा उघडण्यापूर्वी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी यंत्राने, हवा सोडून घ्यावी, कारण टाकीतला दाब सोळा बारच्या पुढे जातो. आणि केवळ हवेच्या पिशव्यांवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, अगदी डोकावण्यापुरतेही, जाऊ नये. आधी चासिसखाली स्टँड लावावेत, मगच खाली सरकावे.

गळती दुरुस्त झाल्यावर मग कॉम्प्रेसरकडे वळा. डबा उघडल्यावर आत पांढरी भुकटी दिसली, तर हवा कोरडी करणारे दाणे फुटून पाइपांत गेले आहेत असे समजावे. अशा वेळी व्हॉल्व्ह ब्लॉकही साफ करून घ्यावे लागतात. कॉम्प्रेसर बदलायचाच ठरला, तर त्याचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, त्याच दिवशी बदला. रिलेचे संपर्कबिंदू चिकटून बसले की कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही आणि तापून मरतो. शंभराच्या पटीतल्या वस्तूपायी हजारोंची वस्तू गेल्याचे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. मूळच्या हिताची कंपनीच्या कॉम्प्रेसरच्या जागी नंतरच्या ए-एम-के कंपनीचा कॉम्प्रेसर बसवला, तर सस्पेन्शनचे सॉफ्टवेअरही अद्ययावत करावे लागते; हे काम कोण करणार, ते आधी ठरवून घ्या.

हवा काढून टाकून साध्या स्प्रिंगा बसवाव्यात का, असेही आपण ताजा कलमात विचारले आहे. माझे मत नकारार्थी आहे. गाडी वरखाली करता येणे हाच तिच्या दगडधोंड्यांतल्या चालीचा आधार आहे, आणि स्प्रिंगा टाकल्यावर उरते ती एक जड, उंच मोटार.

प्रश्न : माझ्या डिस्कव्हरीच्या डॅशबोर्डवर पावसाळ्यापासून एकाच वेळी चार-पाच इशारे येतात : एच-डी-सी (उतारावर गाडी आवरणारी यंत्रणा) फॉल्ट, स्पेशल प्रोग्रॅम्स ऑफ, कधी गिअरबॉक्सचा, कधी सस्पेन्शनचा. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ते जातात. स्कॅनरवर बावीस एरर निघाले. आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांनी कॉम्प्युटर बदलण्याचा सल्ला दिला आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बावीस भाग एका दिवशी बिघडत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेल्या इतक्या यंत्रणा एकदम कुरकुरू लागतात, तेव्हा त्या सर्वांना समाईक असलेली एखादी क्षुल्लक गोष्ट बिघडलेली असते, आणि ती बहुधा बॅटरी, अर्थिंग किंवा ब्रेकचा स्विच यांपैकी एक असते.

सुरुवात बॅटरीपासून करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, दार उघडण्यापूर्वी, मल्टीमीटरवर साडेबाराच्या वर व्होल्ट दिसले पाहिजेत, १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास निम्मी रिकामी आहे. स्टार्टर फिरत असताना आकडा दहाच्या खाली घसरत असेल, तर गाडी सुरू होत असली तरी तिच्यातले कॉम्प्युटर तेवढ्या क्षणापुरते गोंधळतात आणि जो तो आपापला एरर लिहून मोकळा होतो. इंजिन चालू असताना साधारण चौदा व्होल्ट मिळावेत. या गाडीला मोठी बॅटरी लागते. दुकानदाराने ‘बसते हो’ म्हणून दिलेली लहान बॅटरी बसते खरी, पण पुरत नाही. बॅटरीकडून बॉडीकडे आणि इंजिनाकडून चासिसकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्याही सोडवून सँडपेपरने घासून पुन्हा आवळाव्यात. कोल्हापूरच्या पावसात पंधरा वर्षे काढलेल्या पट्टीवर हिरवट बुरा नसेल तर मला नवल वाटेल.

बॅटरी ठीक निघाली तर ब्रेक पेडलच्या वर बसवलेला दिव्याचा स्विच पाहा. ब्रेक दाबला आहे की नाही, ही माहिती तो एबीएस, गिअरबॉक्स आणि उतारावर गाडी आवरणारी यंत्रणा अशा अनेकांना पुरवतो. संपर्क झिजले की ‘दाबला’ आणि ‘दाबला नाही’ असे दोन्ही निरोप एकदम जातात, आणि मग आपण लिहिली आहे तीच इशाऱ्यांची माळ लागते. इशारे ब्रेक लावतानाच किंवा लावल्यानंतर लगेच येतात का, हे आठवडाभर ध्यानात ठेवा. तसे असेल तर इतर काही उघडण्यापूर्वी हा स्विच बदला. भाग स्वस्त आहे आणि काम अर्ध्या तासाचे. बसवताना पेडलला पाय लावू नये, कारण नवा स्विच पेडलच्या विसाव्याच्या जागेनुसार स्वतःला जुळवून घेतो.

पावसाळ्यापासून, असे आपण लिहिले आहे, म्हणून आणखी एक पाहणी सुचवतो. पुढच्या पायांखालची मॅट उचलून खालच्या जाड गालिच्यावर तळहात दाबा. हाताला ओल लागली, तर सनरूफच्या चौकटीतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत असे समजा. पाणी छताच्या आतून, खांबातून उतरते आणि वायरिंगच्या जोडण्यांपर्यंत पोचते. नळी मोकळी करण्यासाठी गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवावी. हवेचा जोरदार झोत मारू नये. त्याने नळी आतल्या आत निसटते आणि मग छताचे अस्तर काढावे लागते. गालिचा नुसता पुसून भागत नाही, तो उचलून खालचा स्पंज वाळवावा लागतो. आमच्याकडे एका गाडीचा स्पंज वाळायला भर उन्हात चार दिवस लागले होते.

आणि एररची यादी पुसण्यापूर्वी तिचा फोटो काढून ठेवा. पुसल्यावर दोन दिवस गाडी चालवा आणि जे एरर परत येतील तेवढ्यांशीच बोला.

प्रश्न : येथे मस्कतमध्ये मी टोयोटा लँड क्रूझर १०० वापरतो. गाडी उंच-खाली करण्याचे बटण असलेले मॉडेल आहे. अलीकडे ती बैलगाडीसारखी आदळते. शॉक अब्सॉर्बर बदलावे, असे मित्र म्हणतात. — एक वाचक, मस्कत

उत्तर : आपल्या गाडीत नेहमीच्या अर्थाने शॉक अब्सॉर्बर नाहीत, त्यामुळे मित्रांचा सल्ला बाजूला ठेवा. या यंत्रणेत प्रत्येक चाकापाशी द्रवाने भरलेला सिलिंडर असतो आणि त्याला जोडलेला एक धातूचा गोळा असतो. गोळ्याच्या आत एका पडद्यापलीकडे नायट्रोजन वायू कोंडलेला असतो, आणि खड्ड्यातला धक्का हा वायू दबून गिळतो. वर्षानुवर्षे तो वायू पडद्यातून झिरपत जातो. मग दबण्यासारखे काही उरत नाही आणि नुसता द्रव धक्का जसाच्या तसा बॉडीला देतो. आखाताची उष्णता पाहता २००७ साली उत्पादन थांबलेल्या या पिढीच्या गाडीत मूळचेच गोळे असतील, तर ते संपलेले असण्याचीच शक्यता अधिक.

तपासणी घरी करता येते. बॉनेटखालच्या द्रवाच्या टाकीवर आडव्या रेघा आहेत. सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, गाडी सर्वांत खाली आणा आणि पातळी कितव्या रेघेवर आहे ते पाहा. मग ती सर्वांत वर न्या आणि पुन्हा पाहा. गोळे निरोगी असतील तर पातळीत चौदाच्या आसपास रेघांचा फरक पडतो. तो सात-आठाच्या खाली आला असेल तर गोळे बदलण्याची वेळ झाली.

मात्र गोळे बदलून थांबू नका. मागच्या कॉइल स्प्रिंगा वयाने दबल्या की वजनाचा जास्तीचा वाटा द्रवावर येतो, त्यातला दाब वाढतो आणि नवे गोळेही लवकर मरतात. मागच्या स्प्रिंगा नव्या घालून आणि पुढच्या टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगांचे काम करणारे पोलादी दांडे) आवळून हा दाब कारखान्याच्या मर्यादेत आणावा लागतो. दाब स्कॅनरवर वाचता येतो. तो न वाचता अंदाजाने बार आवळणाऱ्याकडे गाडी देऊ नये. आपले इंजिन ४.७ लिटरचे व्ही-एट असेल, तर टायमिंग बेल्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या पट्ट्याची) मुदत दीड लाख किलोमीटर असते, तीही एकदा पडताळून पाहा.

प्रश्न : पजेरो एसएफएक्समध्ये लिव्हर फोर-एचवर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत) टाकला की डॅशबोर्डवरच्या चित्रातली पुढची दोन चाके लुकलुकत राहतात, स्थिर होत नाहीत. यामुळे पुढच्या डिफरन्शिअलचे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांच्या पेटीचे) काम काढावे लागेल का? तसेच आंबा घाटात पावसात गाडी कोणत्या स्थितीत चालवावी? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डिफरन्शिअल उघडू नका, बॉनेट उघडा. पुढच्या अॅक्सलला जोडणारा क्लच निर्वाताच्या ओढीने सरकतो. ती ओढ विजेवर उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून बारीक रबरी नळ्यांद्वारे खाली पोचवलेली असते. दिवे लुकलुकतात याचा अर्थ गाडीने क्लच जोडायला सांगितले, पण जोडल्याची पावती परत आली नाही. बहुतेक वेळा नळी टोकाशी चिरलेली असते किंवा निसटलेली असते. कोकणात आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे उंदीर. इंजिन चालू ठेवून फोर-एच निवडा आणि अॅक्सलकडे जाणारी नळी काढून तिच्या तोंडावर बोट धरा. बोट ओढले जात नसेल, तर दोष वर सोलेनॉइडपाशी किंवा नळीतच आहे. ओढ चांगली असूनही दिवे लुकलुकत असतील, तर अॅक्सलवरचा हलवणारा डायफ्राम किंवा त्याच्या शेजारचा स्विच पाहावा. सर्व नळ्या एकदम बदलून टाकाव्यात. त्या मीटरवर मिळतात. काढण्यापूर्वी मात्र कोणती कुठे होती, यावर रंगीत चिकटपट्टी लावा, नाहीतर दोन नळ्यांची अदलाबदल होऊन नवा गुंता होईल.

घाटाविषयी : ओल्या डांबरावर फोर-एच वापरण्यास काहीच हरकत नाही, कारण त्या स्थितीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे मधले डिफरन्शिअल मोकळे असते. पुढची खाच, जिच्यापुढे एल-सी ही अक्षरे आहेत, ती चिखल आणि वाळूसाठी आहे. तीत मधले डिफरन्शिअल बांधले जाते. डांबरावर त्या स्थितीत वळण घेतले की स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते आणि सारा ताण गिअरांच्या दातांवर पडतो. आंबा घाटाच्या वळणांवर ती खाच विसरूनच जा.

प्रश्न : माझ्या रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये साठ-सत्तरच्या वेगाला हलका अॅक्सिलरेटर ठेवला की खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर बदलायचे नसते, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आयुष्यभर हे खरे, पण कोणाच्या आयुष्यभर ते कोणी सांगत नाही. आपल्या गाडीतला सहा गिअरांचा बॉक्स झेड-एफ कंपनीचा आहे, आणि खुद्द ही कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलण्याची शिफारस करते. आपण वर्णिलेली थरथर बहुधा इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच नीट न धरल्यामुळे येते, आणि वेळीच ऑइल बदलले तर ती पुष्कळदा थांबते. फार दिवस तशीच चालवली तर नुसत्या ऑइलने भागणार नाही.

यात दोन गोष्टी कारागिराशी आधी बोलून घ्या. खालची प्लास्टिकची परात आणि फिल्टर ही एकच वस्तू आहे, आणि फिल्टरची मान इतकी उंच असते की चासिसच्या आडव्या पट्टीमुळे परात सरळ बाहेर येत नाही. अनुभवी माणसे जुन्या फिल्टरची मान कापून परात काढतात आणि जागी वेगळा फिल्टर असलेली पत्र्याची परात बसवतात. दुसरे, ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून आणि ऑइलचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच ठरवायची असते. नागपूरच्या मे महिन्यात गाडी चालवत गॅरेजमध्ये नेली तर ते तापमान कधीच ओलांडलेले असेल. तेव्हा गाडी आदल्या रात्री तिथे ठेवा आणि काम सकाळी करून घ्या. कारागिराच्या हातात स्कॅनर नसेल आणि तो ‘जेवढे निघाले तेवढे भरतो’ म्हणाला, तर गाडी परत घेऊन या.

प्रश्न : पंधरा वर्षे पूर्ण झालेली, व्ही-सिक्स डिझेल इंजिनाची रेंज रोव्हर स्पोर्ट फारच आकर्षक किमतीत मिळत आहे. घ्यावी का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : घरात दुसरी गाडी असेल आणि ही आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली तरी कामे अडणार नसतील, तरच पुढे जा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. २०२२ पासून आयात केलेल्या चारचाकीसाठी त्याचे शुल्क ४० हजार रुपये आहे, आणि पर्यावरण कर वेगळा. तेव्हा नोंदणीपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे आणि गाडी आयात म्हणून नोंदलेली आहे का, हे किमतीची घासाघीस करण्यापूर्वी पाहा.

या इंजिनात टायमिंग बेल्ट दोन आहेत. पुढचा सर्वांना ठाऊक असतो. मागच्या बाजूला डिझेलचा उच्चदाब पंप फिरवणारा दुसरा बेल्ट पुष्कळ जण विसरतात. दोन्ही बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे नसेल तर ते बदललेले नाहीत असेच गृहीत धरा, मग तोंडी कोणी काहीही सांगो. टर्बोसारखे काम निघाले तर अख्खी बॉडी चासिसवरून उचलावी लागण्याची तयारी ठेवा. परदेशातल्या वर्कशॉपमध्ये ती राजरोस पद्धत आहे, आपल्याकडे तेवढी जागा आणि लिफ्ट असलेली गॅरेजे थोडी.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा, आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशी कळवून ठेवा. पोचल्यावर आधी दुरून पाहा, चारही कोपरे एका उंचीवर आहेत का. मग बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट कोमट लागले, तर चहा घ्या आणि निघा.